वर केलेला तळहात

सोमवार, ४ मार्च

सँटा ऑरेलियाच्या बायांनो! पीचच्या कारखान्यात पट्ट्यापाशी उभं राहून ज्यांनी आपल्या कमरा मोडून घेतल्या, आणि आता निवांत बसायच्या वयात ज्यांचे नवरे सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कुठे जातो ते न सांगता घराबाहेर पडतात, त्या सगळ्या बायांनो! ते कुठे जातात हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. ज्या इमारतीच्या खिडकीशी आपण पगारासाठी रांग लावली, जिच्या पायरीवर बसून आपण संप चालवला, त्याच इमारतीत आज पत्ते पिसले जातात. आधी आपलं काम गेलं. आता आपली माणसंही चालली आहेत.

भाषण इथवर झालं. सुरुवात बरी आहे. 'माणसंही चालली आहेत' इथे थांबायचं आणि सभागृहभर नजर फिरवायची. सव्वीस तारखेला नगर परिषदेपुढे 'हेरन' कार्डरूमच्या परवान्याची सुनावणी आहे आणि चर्चच्या बायकांनी एकमताने मला पुढे केलं आहे. प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं. तीन मिनिटांत मी घसासुद्धा साफ करत नाही!

जेवताना आर्मिन्दोला वाचून दाखवलं. सप्टेंबरात त्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून बोलणं जड झालं आहे. डॉक्टर म्हणतात, शब्द सगळे आत शाबूत आहेत, फक्त दाराशी यायला वेळ घेतात. म्हणून मी दार उघडून देते. तीस वर्षं युनियनमध्ये, ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांच्या वतीने मी बोलले. स्वतःच्या नवऱ्यासाठी बोलणार नाही? भाषण ऐकून त्याने उजवा तळहात वर केला. ही त्याची हल्लीची सवय आहे. आधी तो हात उठत नव्हता, आता उठतो, तर बोलण्याआधी कोर्टात शपथ घेतल्यासारखा वर धरतो. व्यायाम म्हणून चांगलंच आहे.

"ओदेत," तो म्हणाला, "मी... त्या..."

"त्या भाषणात पुरावे कमी आहेत, हेच ना? घालते की."

त्याने हात खाली घेतला आणि सूप संपवलं.

बुधवार, ६ मार्च

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासाचा पहिला दिवस. कपाळावर राख लावून घरी आले तर फोन वाजत होता. माझी नणंद झुल्मिरा, अझोरेसमधल्या आर्मिन्दोच्या मूळ तेर्सेइरा बेटावरून. झुल्मिराला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे तिच्याशी बोलणं म्हणजे शिक्षा. आपण काही म्हणायचं, ती "काय?" म्हणणार, आणि आपण पुन्हा ओरडून सांगेपर्यंत तिकडे नुसता समुद्राचा आवाज.

"समुद्राकडची खोली रंगवून घेतलीय गं," ती म्हणाली. "ईस्टरनंतर येतोय ना आर्मिन्दो? म्हटलं, राहायलाच येतोय तर पलंगही नवा करावा."

"राहायला? कुणी सांगितलं तुला?"

"काय?"

"कुणी सांगितलं!"

"त्यानेच. परवा फोनवर. अर्धा तास बोललो आम्ही."

अर्धा तास! आर्मिन्दो! तिला भ्रम झाला असावा असं वाटलं. पण तो बागेतून आत आला तेव्हा विचारलं, आणि त्याने मान हलवली. होय. जाणार आहे.

चव्वेचाळीस वर्षांचा संसार. "का?" मी विचारलं. त्याचा तळहात वर गेला. ओठ हलले. माझ्याच्याने राहवेना. "मी सांगते का. त्या हेरनमध्ये बसून तुझी घराची सवयच गेली. तिथल्या माणसांनी तुला नासवलं आणि आता मला तोंड दाखवायला नको म्हणून बहिणीकडे पळतोयस!"

त्याने टोपी घेतली आणि निघून गेला. राख माझ्या कपाळावरून नाकावर आली होती, हे नंतर आरशात दिसलं.

ठरलं. ज्या शत्रूला डोळ्यांनी पाहिलं नाही त्याच्याविरुद्ध मी आजवर कधी बोललेली नाही. मंगळवारी आर्मिन्दोला वाचा-उपचारासाठी दवाखान्याची गाडी फ्रेस्नोला घेऊन जाते. मंगळवारी मी हेरनमध्ये जाणार.

मंगळवार, १२ मार्च

पुरावे गोळा करून आले. आल्या आल्या लिहायला बसले. रागाने, दुसरं काही नाही.

आत शिरताच समोर पगाराची खिडकी! तेच लोखंडी गज, तोच खालचा गुळगुळीत झालेला लाकडी काठ, ज्यावर आम्ही कोपर टेकायचो. तिथे आता रंगीत चकत्या विकत मिळतात. मी कोपर टेकलं आणि चकत्या घेतल्या. पुराव्यासाठी खेळणं भागच होतं. भिंतीवरच्या फळ्यावर नाव लिहून घ्यायचं आणि जागा रिकामी होईपर्यंत बाकावर बसायचं. व्यवस्था पाहणारा गारो नावाचा आर्मेनियन आहे, पोट सुटलेला, टाय लावलेला. त्याने पुकारलं, "ओदेत, दोन नंबरचं टेबल!" आडनाव मी सांगितलं नव्हतं.

वाटलं होतं, धूर असेल, दारू असेल, तोंडाला रंग फासलेल्या बाया असतील. होती म्हातारी माणसं. एकीच्या खुर्चीला ऑक्सिजनची नळी. एकजण टेबलाशेजारच्या तिपाईवर नूडल्सचं सूप पीत होता. पत्ते वाटायला पाहुआ नावाची, आशियातून आलेल्या मोंग जमातीतली मुलगी, तिशीची, केस घट्ट बांधलेले. पत्ते तिच्या हातून सुटत नव्हते, वाहत होते.

खेळ कळायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, मध्ये हळूहळू पाच उघडी. आपलं कुणाला दिसत नाही, मधलं सगळ्यांचं. पटलं तर चकत्या पुढे करायच्या, नाही पटलं तर पानं सरकवून द्यायची, आणि नुसतंच पुढे जाऊ द्यायचं असेल तर बोटांनी टेबलावर टकटक करायची. प्रत्येक डावातून पाहुआ एक चकती टेबलाच्या फटीत टाकते. ती मालकाची. कारखान्यातही असंच होतं. इथे निदान ती फट दिसते! (हे वाक्य भाषणात घ्यायचं.)

पहिल्याच डावात माझी पानं चांगली आली आणि मी चकत्या पुढे लोटल्या.

"आँटी, तुमचा नंबर आला नाही अजून," पाहुआ म्हणाली. "त्यांचं व्हायचंय."

पुढच्या डावात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या डावातही. माझ्या डावीकडे हॉलिस नावाचा निवृत्त ट्रक ड्रायव्हर होता, हातांवर जुनं गोंदण, तोंड क्षणभर बंद नाही. तो म्हणाला, "बाई, उपासाच्या दिवसांत काय सोडलंत यंदा?"

"गोड."

"गोडाच्या जागी बोलणं सोडलं असतं तर स्वर्ग नक्की होता."

सगळे हसले. मीही हसले असते, पण मी कामावर होते.

मग ऑक्सिजनच्या नळीवाली बाई विचारात पडली. मी म्हणणारच होते, अहो टाका ना काहीतरी. तेवढ्यात तिने तळहात वर केला आणि सगळं टेबल थांबलं. हॉलिससुद्धा.

"हे काय?" मी पाहुआला कुजबुजून विचारलं.

"वेळ मागितली त्यांनी. तळहात वर केला की वेळ. मग कुणी घाई करायची नाही, कुणी सुचवायचं नाही. मीसुद्धा पुढचं पान उघडत नाही. एका हाताला एकच खेळाडू, म्हणजे ज्याची पानं त्यानेच ठरवायचं, हा नियम आहे आँटी."

"आणि तासभर बसली तर?"

"नाही बसत कुणी. वेळ मिळणार हे माहीत असलं की माणूस लवकर ठरवतो."

नियम चांगला आहे. जुगाऱ्यांकडे वाया गेला आहे.

सूप आलं तेव्हा हॉलिस म्हणाला, "आज मंगळवार. मिंदो नाही. टेबल कसं ओस पडतं."

"कोण मिंदो?" मी विचारलं. आमच्याकडे आर्मिन्दोला लाडाने मिंदोच म्हणतात.

"या टेबलावरचा सगळ्यात गमतीदार माणूस. त्याची ती गायीची गोष्ट ऐकायला हवी तुम्ही. बोटीवर गाय बाळंत झाली आणि कप्तानाच्या टोपीत तिचं दूध काढलं. तीन सकाळी लावल्या त्याने ती गोष्ट सांगायला. मी आयुष्यात कुणाला एवढं ऐकलेलं नाही."

जीव भांड्यात पडला. हा कुणी दुसराच. या गावात अझोरेस बेटांवरून आलेली निम्मी घरं आहेत, प्रत्येक घरात एक आर्मिन्दो आहे. माझा आर्मिन्दो गमतीदार कधीच नव्हता, आणि चव्वेचाळीस वर्षांत त्याने मला बोटीवरच्या गायीची कुठलीही गोष्ट सांगितलेली नाही.

शनिवार, १६ मार्च

इस्त्रीच्या टेबलावर पत्ते मांडून सराव केला. शत्रूचं शास्त्र शत्रूइतकंच यायला हवं. आर्मिन्दोने दारातून पाहिलं. तळहात वर केला. "हा... कुठून..."

"हा जुनाच जोड आहे, कपाटातला," मी म्हटलं.

त्याने हात खाली घेतला. मग गेला. पाठमोरा तो आता म्हातारा दिसतो. खुंटीवरची जाड बंडी त्याने काढून पेटीत ठेवली आहे. तेर्सेइरावर वारा असतो.

मंगळवार, १९ मार्च

पुन्हा गेले. भाषणाला आणखी बारकावे हवेत.

आज मी एक अख्खा डाव क्रम न मोडता खेळले. दोन राजे होते हातात. पाहुआने मधली पानं उघडली, माझ्या आधीचे चौघे आपापलं करेपर्यंत मी दातांखाली जीभ धरून बसले, आणि त्या बसण्यात एक गोष्ट लक्षात आली: माणसं न बोलता किती सांगतात! एकजण चांगली पानं आली की चष्मा पुसतो. ऑक्सिजनवाल्या बाईचं नाव इर्मा. तिची नळी खोटं बोलताना जोरात वाजते. तीस वर्षं मी व्यासपीठावरून माणसांकडे बघत आले, आणि मला वाटत होतं मी त्यांना बघते आहे.

तो डाव जिंकले. सगळ्यांनी टेबलावर टकटक केली. इथे तीच टाळी. हॉलिस म्हणाला, "बाई, तुम्ही गप्प बसलात की फार घातक दिसता." घरी येईपर्यंत गाडीत एकटीच हसत होते.

हे भाषणात घेता येणार नाही.

उद्या-परवा जायचं कारण नाही. पण गुरुवारी सकाळी आर्मिन्दो 'बाहेर' असतो. त्याच्या त्या बाहेरचा पुरावा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भाषण पुरं होणार नाही. गुरुवारी जाणार.

गुरुवार, २१ मार्च

शांतपणे लिहायचं आहे. जमेल का बघू.

दहाच्या सुमाराला पोचले. दोन नंबरच्या टेबलावर एकच जागा रिकामी होती, आणि तिच्या समोरच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून माझा नवरा बसला होता. चेहरा उजळलेला. हॉलिस त्याला सांगत होता, "मिंदो, तुझ्या जागेवर मंगळवारी एक बाई येते. पत्ते खेळते की मोर्चा काढते तेच कळत नाही."

आर्मिन्दोने मला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा दिवा विझला.

"ही बघ, आलीच," हॉलिस म्हणाला. मग माझ्याकडे, त्याच्याकडे, पुन्हा माझ्याकडे पाहून, "अरे देवा. ही मोर्चावाली तुझी आहे?"

गारो म्हणाला, नवरा-बायको एका टेबलावर बसवत नाही आम्ही, पण दुसरं टेबल सकाळी नसतं, तेव्हा सरळ खेळायचं. मी बसले. तोंडातून शब्द काढला नाही. वीसेक डाव असेच गेले असतील. आर्मिन्दोही बोलला नाही. गाय नाही, बोट नाही. सगळ्या टेबलाला ते जाणवत होतं आणि मलाही. कारण कळत होतं, पण ते कबूल करण्यापर्यंत मी अजून पोचले नव्हते.

मग तो डाव आला. मधली चार पानं उघडी होती. हॉलिसने आपल्या सगळ्या चकत्या पुढे केल्या. बाकीच्यांनी पानं टाकली. राहिला आर्मिन्दो. त्याने आपली पानं कोपऱ्यातून उचलून पाहिली, खाली ठेवली. तळहात वर केला.

शपथ घेतल्यासारखा. भाषण ऐकून केला होता तसा. राखेच्या बुधवारी केला होता तसा.

मला ते दिसलं. शपथेवर सांगते, मला ते त्या क्षणी दिसलं. पण जीभ माझ्या आधी निघाली होती. त्याचे ओठ हलले, "मी... सो..." आणि मी म्हणून गेले, "तो सोडतोय! पानं टाकतोय तो!"

पाहुआचा हात हवेत थांबला. "गारो!" तिने हाक मारली.

गारो आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "मिसेस सिल्वेरा, एका हाताला एकच खेळाडू. पुढची फेरी तुम्ही बाकावर." आणि आर्मिन्दोकडे, "सर, त्यांचं बोलणं मोजलं नाही. वेळ तुमची आहे. तुम्ही काय करता?"

आणि ते सगळे थांबले. हॉलिसच्या सगळ्या चकत्या मध्ये होत्या, तरी तो थांबला. इर्माची नळी तेवढी वाजत होती. पगाराच्या खिडकीतली मुलगी चकत्या लावायची थांबली. मी बाकाजवळ उभी होते. मला तो शब्द ठाऊक होता. माझ्या जिभेवर होता. मी माझं मनगट दुसऱ्या हाताने धरून ठेवलं, जसं काही जीभ मनगटात असते.

"सोडतो," आर्मिन्दो म्हणाला. श्वास घेतला. "पण... मी... सोडतो."

त्याने आपली पानं उघडी टाकली. दोन राण्या! हॉलिस ओरडला, "राण्या टाकतोस? का?"

"तू..." आर्मिन्दोचा तळहात अजून वरच होता. "गप्प... बसलास."

हॉलिसने डोकं धरलं आणि आपली पानं उलटी केली. दोन एक्के. सगळ्या टेबलाने टकटक केली, हॉलिसने सगळ्यात जोरात. म्हणजे तो सोडणार हे मी बरोबर ओळखलं होतं. का सोडणार हे नाही. मला वाटलं घाबरला. त्याने तर समोरच्याचं गप्प राहणं ऐकलं होतं.

बाकावर बसून पाहिलं. मी टेबलावरून उठल्यावर थोड्या वेळाने त्याने इर्माला काहीतरी सांगायला सुरुवात केली. ती हसायच्या जागेची वाट बघत बसली, आणि मग हसली. हा तोच मिंदो होता. दुसरा कुणी नव्हता.

शुक्रवार, २२ मार्च

काल परत येताना गाडी मी चालवत होते. स्टेशनच्या सिग्नलशी विचारलं, "झुल्मिराकडे का जातोयस?"

आणि गप्प बसले. दिवा हिरवा झाला. पुन्हा लाल झाला. मागच्याने भोंगा वाजवला. बदामांची झाडं गेली, दूधडेअरी गेली. उत्तर माझ्याकडे चार होती, चारही चांगली होती. एकही दिलं नाही.

घराच्या फाटकाशी तो म्हणाला, "झुल्मिराला... ऐकू... येत नाही."

मी वाट पाहिली.

"म्हणून... ती... थांबते."

गाडी फाटकातच बंद पडली. पेट्रोल होतं, मीच पाय काढला असेल.

रात्री झोप लागली नाही. एवढंच लिहिते: भाषण वाचून दाखवलं त्या दिवशी 'त्या भाषणात' असं तो म्हणत होता की आणखी काही, हे मला आता कधीच कळणार नाही. विचारायला हवं. उशीर झाला आहे का ते माहीत नाही. पेटी अजून पलंगाखाली आहे.

सोमवार, २५ मार्च

फिलोमेना येऊन गेली. चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष. भाषण झालं का विचारत होती. झालंय म्हटलं. वाचून दाखव म्हणाली. उद्या ऐकशीलच म्हटलं. हे खोटं नव्हतं.

ती असतानाच आर्मिन्दो बाहेर गेला आणि परिषदेच्या कचेरीत वक्त्यांमध्ये आपलं नाव देऊन आला. मला कळलं ते कचेरीतल्या मुलीचा फोन आला म्हणून. "दोन सिल्वेरा आहेत, मॅडम, चूक तर नाही ना?" चूक नाही म्हटलं. त्याला काही विचारलं नाही. हे न विचारणं मला किती जड गेलं ते कुणी विचारू नये.

मंगळवार, २६ मार्च

सभागृह भरलं होतं. एका बाजूला आमच्या बायका, दुसऱ्या बाजूला हेरनची सकाळची मंडळी: टाय लावलेला गारो, इर्मा, धुतलेल्या शर्टात हॉलिस. व्यासपीठाजवळ तीन दिव्यांचा खांब. हिरवा, पिवळा, लाल. लाल झाला की बोलणं बंद.

आर्मिन्दोचं नाव माझ्या आधी पुकारलं. तो ध्वनिवर्धकाशी गेला. तळहात वर केला. अध्यक्षांना वाटलं तो शपथ घेतोय, ते म्हणाले, "त्याची गरज नाही, सर." हेरनच्या बाकांवर मात्र सगळे थांबले होते.

"मी... आर्मिन्दो... सिल्वेरा. गाई... पाळल्या. चाळीस... वर्षं."

हिरवा दिवा.

"झटका... आला. मग... सगळे... चांगले... वागले. डॉक्टर. शेजारी. बायको." तो माझ्याकडे बघत नव्हता. "सगळे... मदत करतात."

तिथे तो अडला. पुढचा शब्द येईना. पिवळा दिवा लागला. आमच्या बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि फिलोमेनाने मला कोपराने ढोसलं: ऊठ, सांग त्याला काय म्हणायचंय ते. सगळ्या गावाला माहीत आहे ना, हे काम कुणाचं.

मी उठले. खरंच उठले. लाल दिवा लागला.

"वेळ संपली, सर," अध्यक्ष म्हणाले. "मिसेस सिल्वेरा, पुढचं नाव तुमचंच. बोला."

मी ध्वनिवर्धकाशी गेले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण असं: "माझी तीन मिनिटं मी यांना देते."

आणि बाजूला उभी राहिले. जागेवर गेले नाही.

दिवा पुन्हा हिरवा झाला. आर्मिन्दोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ. तीन मिनिटांतली किती गेली असतील त्यात! मग तो पुढे वळला.

"तिथे," तो म्हणाला, "कुणी... मदत... करत नाही."

हॉलिस मोठ्याने हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मग सगळे हसले, अध्यक्षही.

"थांबतात," आर्मिन्दो म्हणाला. "पत्ते... मला... आवडत नाहीत. एवढे. थांबतात... ते... आवडतं."

आणि मग, दिवा हिरवाच आहे हे पाहून, त्या माणसाने नगर परिषदेला बोटीवरच्या गायीची गोष्ट सांगायला सुरुवात केली! कप्तानाच्या टोपीपर्यंत पोचला आणि लाल दिवा लागला. सभागृह ओरडलं, पुढे काय झालं! अध्यक्षांनी दिव्याकडे दुर्लक्ष केलं. शेवटी काय झालं ते मी आज पहिल्यांदा ऐकलं. त्या दुधाची कॉफी कप्तान प्यायला.

परवाना दिला गेला. रात्रीचा खेळ बंद, सकाळ-दुपारचा चालू. मला हे पटतं. जुगाराशी माझी सोयरीक झालेली नाही. त्या फटीत प्रत्येक डावाला चकती का जाते आणि किती जाते, यावर मी पुढच्या वर्षी याच सभागृहात बोलणार आहे, आणि तेव्हा माझी तीन मिनिटं कुणालाही देणार नाही.

बाहेर फिलोमेनाने मला गाठलं. "तू आम्हाला तोंडघशी पाडलंस, ओदेत. भाषण तुझ्यावर उधार आहे." रविवारी प्रार्थनेनंतर हॉलमध्ये देते म्हटलं.

बुधवार, २७ मार्च

काल रात्री जेवताना विचारलं. सूप वाढलं, बसले, चमचा खाली ठेवला. "तू जाणार आहेस का?"

त्याने तळहात वर केला.

मी थांबले. सूपवर साय धरली. शेजारचं कुत्रं भुंकून दमलं. कधी नव्हे ते मी त्याचा चेहरा इतका वेळ पाहिला. डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे, तो उलटा उगवतो. मला वाटलं, आता हा हो म्हणणार, आणि म्हटलं तर ऐकून घ्यायचं, पुढे काही जोडायचं नाही.

"नाही," तो म्हणाला.

मी चमचा पुन्हा उचलला. नंतर म्हटलं, "आर्मिन्दो, एका 'नाही'साठी एवढा वेळ?"

"नाही... तर..." तो हसायला लागला. हसताना शब्द त्याला सोपे जातात, हेही मला माहीत नव्हतं. "शब्द... केव्हाच... आला होता. तू... गप्प... बसलीस. मजा... घेत होतो."

मी त्याला पावाचा तुकडा फेकून मारला. त्याने झेलला, उजव्या हाताने!

आज सकाळी पेटी पलंगाखालून निघाली. जाड बंडी पुन्हा खुंटीवर आहे. झुल्मिराला फोन केला, तो बोलला, मी ओट्याशी भांडी विसळत ऐकलं. जुलैत आम्ही दोघं जातो आहोत, सुट्टीपुरते. रंगवलेली खोली वाया जाणार नाही.

आता रविवारचं भाषण.

सँटा ऑरेलियाच्या बायांनो! तुमचे नवरे सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुठे जातात हे मी जाऊन पाहून आले आहे. तुमची तक्रार खरी आहे. ते जातात, आणि घर रिकामं होतं. पण ते तिथे पत्त्यांसाठी जातात असं समजून मी आजवर बोलत आले, आणि बोलण्याच्या नादात ऐकायचं राहिलं. मी तुम्हाला सह्या मागत नाही, मोर्चा मागत नाही, वर्गणी मागत नाही. एकच गोष्ट मागते. आज रात्री जेवायला बसलात की समोरच्या माणसाला एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर ठाऊक नाही. आणि त्याचं उत्तर पुरं होईपर्यंत, सूप गार झालं तरी, तोंड उघडू नका.